निवृत्तीनंतर परदेशात इंग्रजी शिकवायचंय? वयाची अट नेमकी कुठे आडवी येते, ते आधी बघा

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतले शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, सीनियर कॉलेजचे प्राध्यापक ६० व्या. शाल-श्रीफळ मिळतं, दोन-चार भाषणं होतात आणि दुसऱ्या सकाळी साडेदहा वाजता काय करायचं ते कळत नाही. जळगाव-धुळ्याकडे बऱ्याच घरांतली मुलं पुण्यात नाहीतर परदेशात आहेत. मुलांकडे जायचं म्हणून पासपोर्ट काढलेला असतो, एखादी विमानवारी झालेली असते. मग कधीतरी डोक्यात येतं, की तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तर ओमानला नाहीतर व्हिएतनामला जाऊन दोन वर्षं शिकवायला काय हरकत आहे?

हरकत काहीच नाही. पण पन्नाशीनंतर हा रस्ता अरुंद होतो आणि भारतीय पासपोर्टवर आणखी अरुंद. यूट्यूबवर बँकॉकमध्ये शिकवणारे पासष्टीचे गोरे आजोबा दिसतात. त्यांची गोष्ट वेगळी आणि आपली वेगळी. हा लेख ५० ते ६५ वयाच्या, बीए-एमए बीएड झालेल्या आणि शाळेत-कॉलेजात खरोखर इंग्रजी शिकवलेल्या माणसासाठी आहे. नुसतं 'इंग्रजी चांगलं आहे' एवढ्या भांडवलावर निघणाऱ्यांना यातलं फारसं लागू पडणार नाही.

पायरी पहिली : अडवतंय कोण ते ओळखा

'वय जास्त आहे' असं उत्तर आलं की बहुतेक जण तिथेच थांबतात. थांबण्याआधी एवढं विचारा, की ही अट कोणाची? ती तीनपैकी एकाची असते.

पहिली त्या देशाच्या कायद्याची. चीनमध्ये परदेशी माणसाच्या कामाच्या परवान्याला साधारणपणे ६० ही मर्यादा आहे, वरच्या 'अ' वर्गातल्या तज्ज्ञांना त्यातून सूट मिळते. चीनने १ जानेवारी २०२५ पासून स्वतःच्या लोकांचं निवृत्तीचं वय टप्प्याटप्प्याने वाढवायला घेतलं आहे, पण तेवढ्यावरून परदेशी शिक्षकाची मर्यादा आपोआप वाढली असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कायदे कधीकधी सैलही होतात. साठीपुढच्या परदेशी कर्मचाऱ्यांवरची बंदी ओमानने जानेवारी २०२२ मध्ये मागे घेतली. कुवेतने २०२० मध्ये साठीपुढच्यांचे परवाने रोखायचा निर्णय घेतला, त्याची आपल्याकडे फार चर्चा झाली, पण तो बारावी किंवा त्याहून कमी शिकलेल्यांसाठी होता. पदवीधर शिक्षक त्यात नव्हतेच. म्हणजे बातमीचा मथळा वाचून घाबरू नका आणि मथळा वाचून पेढेही वाटू नका.

दुसरी अट संस्थेची किंवा योजनेची. दक्षिण कोरियाच्या सरकारी शाळांत परदेशी शिक्षक नेणाऱ्या 'एपिक' योजनेची वयोमर्यादा ६२ आहे, कारण तिथले स्वतःचे शिक्षक ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. थायलंडमध्ये सरकारी नोकरीतून ६० व्या वर्षी निवृत्ती असते, त्यामुळे सरकारी शाळा साठीच्या माणसाला घेताना कचरतात. खासगी शाळेवर तेवढं दडपण नसतं. ही दुसरी अट कधीकधी वाकते. आधीपासून शाळेत असलेल्या शिक्षकाला वर्षा-वर्षाची मुदतवाढ मिळते, नव्याला मात्र त्याच वयात दारात उभं करत नाहीत.

तिसरी अट कुठेच लिहिलेली नसते. अर्जासोबत फोटो मागतात, जन्मतारीख मागतात आणि नंतर उत्तरच येत नाही. आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांच्या जाहिरातींत तर '४५ च्या आत' असं सर्रास छापलेलं असतं. छापलेलं असलं तरी तो बहुधा व्यवस्थापनाचा कल असतो, सरकारी नियम नव्हे. म्हणून ऐन सत्रात शिक्षक सोडून गेला की हीच शाळा ५४ वर्षांच्या माणसाशी बोलायला तयार होते.

कायद्यापुढे इलाज नाही. तिथे वेळ घालवू नका. मेहनत करायची ती दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीवर.

पायरी दुसरी : वयाच्या आधी पासपोर्ट बघा

एजंट ही गोष्ट सहसा सांगत नाहीत, म्हणून इथे थोडं थांबू. पूर्व आशियात इंग्रजी शिकवण्याच्या व्हिसाला तुमच्या वयापेक्षा तुमचं नागरिकत्व जास्त अडवतं. कोरियाचा नेहमीचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांसाठी आहे. चीनही इंग्रजी शिक्षकासाठी मुख्यतः इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांचेच पासपोर्ट धरतो.

कोरियात भारतीयांसाठी एक छोटी खिडकी आहे. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात भारतीय इंग्रजी सहायक शिक्षकांची सोय आहे, पण पदवीबरोबर इंग्रजी शिकवण्याची रीतसर अध्यापन पात्रता हवी. आपलं बीएड इथे कामाला येतं. खिडकी लहान आहे आणि वर सांगितलेली ६२ ची मर्यादा आहेच. साठीच्या माणसाने कोरियाच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. पन्नाशीतल्याने एकदा विचारून बघावं.

जपानची गोष्ट आपल्या भागासाठी फारच लागट आहे. शाळांत परदेशी भाषा शिकवण्याचा जो 'इन्स्ट्रक्टर' व्हिसा आहे, त्याला त्या भाषेच्या माध्यमातून १२ वर्षांचं शिक्षण झालेलं असावं लागतं. आता हिशेब करा. अमळनेरला, शहाद्याला किंवा पाचोऱ्याला दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुढची अकरावी-बारावी दोन, बीए तीन, एमए दोन आणि बीएडचं एक. सगळं इंग्रजीतून झालं असं मानलं तरी बेरीज आठवर थांबते. तुमच्या इंग्रजीचा यात काहीच दोष नाही, पण फॉर्म बेरीजच बघतो.

पायरी तिसरी : मग जायचं कुठे?

ओमान आणि एकूण आखात हे आपल्यासाठी सगळ्यात ओळखीचं. सीबीएसईच्या शाळा आहेत, मुख्याध्यापक बहुतेक भारतीय, त्यामुळे तुमचं बीएड आणि तुमचा अनुभव काय असतो ते समजावून सांगावं लागत नाही. अडचण एकच, ती ४५ ची छापील ओळ. एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या सत्राच्या भरतीत तरुणांशी स्पर्धा असते. ऑगस्ट-सप्टेंबरनंतर अचानक रिकाम्या झालेल्या जागा विचारा.

व्हिएतनाममध्ये कामाच्या परवान्यासाठी किमान १८ वर्षं वय लागतं, कायद्यात कमाल वय दिलेलं नाही. पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांचा दाखला लागतो, परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो. भारतीय शिक्षकाला तिथे इंग्रजी किती येतं याचा पुरावा द्यावा लागतो आणि पगार गोऱ्या शिक्षकापेक्षा कमी सांगितला जातो. याचा राग येणं साहजिक आहे. राग येणार असेल तर तो इथेच काढून घ्या, तिथे गेल्यावर उपयोग नाही.

थायलंडमध्ये एक सापळा आहे. पन्नाशीपुढच्या परदेशी माणसाला तिथे निवृत्तांचा व्हिसा मिळतो आणि 'तो काढा, मग आरामात शिकवा' असं सांगणारे भेटतात. त्या व्हिसावर काम करायला मनाई आहे. शिकवायचं तर वेगळा व्हिसा, कामाचा परवाना आणि शाळेसाठी तिथल्या शिक्षक परिषदेची मान्यता अशी तीन कागदांची साखळी आहे.

मालदीवला भारतीय शिक्षकांची जुनी परंपरा आहे आणि शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत. पण नेमणूक मालेमध्येच होईल असं नाही. दूरच्या बेटावरून मोठ्या दवाखान्यापर्यंत बोटीने किती वेळ लागतो, हे सही करण्याआधी विचारा. पस्तिशीत हा प्रश्न सुचत नाही. साठीत सुचायलाच हवा.

अमेरिकेत शिक्षकांसाठी जे-१ नावाची देवाणघेवाण योजना आहे. तिला वयाची कमाल मर्यादा नाही, पण साधारण नियम असा की अर्ज करताना तुम्ही मायदेशात शिक्षक म्हणून कामावर असायला हवं. म्हणजे हा दरवाजा निरोप समारंभाच्या दिवशी जवळपास बंद होतो. ५५-५६ वर्षांच्या ज्या मॅडम हे वाचत असतील, त्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

युरोपात स्वतःच्या नागरिकांना आधी संधी मिळते, तो विचार सोडलेला बरा. कंबोडियात वयाची फारशी विचारपूस होत नाही, पगारही तसाच. तिथल्या धोक्यांबद्दल पुढे येईलच.

पायरी चौथी : हिशेब उलटा करा

लोक रुजू होण्याच्या दिवसाचं वय मोजतात. मोजायचं ते करार संपतानाचं. मर्यादा ६० ची आणि करार दोन वर्षांचा असेल, तर ५९ वर्षांचा माणूस शाळेच्या दृष्टीने एका वर्षाचाच असतो, आणि एका वर्षासाठी व्हिसा-तिकिटाचा खर्च कोणी करत नाही. त्यात कागदपत्रांचे सहा-आठ महिने सहज जातात. म्हणून सुरुवात ५५-५६ व्या वर्षी करावी, निदान कागदांची तरी.

नोकरीत असतानाच जायचं असेल तर संस्थेचं किंवा जिल्हा परिषदेचं ना-हरकत लागतं. स्वेच्छानिवृत्तीचा विचार करणाऱ्यांनी २० वर्षांची अर्हताकारी सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस हा नियम धरून चालावं. पण सहीचा करार हातात येण्याआधी तो अर्ज देऊ नका, कोणी कितीही पक्कं सांगितलं तरी.

पायरी पाचवी : कागद

इथे खानदेशातल्या माणसाची खास पंचाईत आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला स्थापन झालं. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. १९९० च्या आधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. आज जो ५८-६० वर्षांचा आहे त्याची बीएची पदवी बहुतेक पुण्याची, आणि एमए किंवा बीएड नंतर केलं असेल तर ते जळगावचं. पडताळणी दोन ठिकाणांहून करावी लागते. जळगावच्या विद्यापीठात, बांभोरीला चकरा मारून पुण्याचं काम होत नाही. शिवाय पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, तुमच्या पदवीवर जुनंच छापलेलं आहे. परदेशी शाळेचा क्लार्क इंटरनेटवर शोधतो, वेगळं नाव दिसलं की शंका काढतो. अर्जात दोन ओळींचा खुलासा आधीच जोडून द्या.

नावाचा घोळ याहून मोठा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पदवीवर माहेरचं आडनाव. सेवापुस्तकात सासरचं. पासपोर्टवर पतीचं नाव मध्ये आलेलं. एका बाईंचे हे चार कागद परदेशी माणसापुढे ठेवले तर त्याला चार बाया दिसतात. राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह नोंदणी दाखला, त्याच्या जोडीला एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर, एवढं तयार ठेवा. नंदुरबारकरांचं आणखी एक आहे. जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधीच्या सगळ्या कागदांवर 'जिल्हा धुळे' आहे. पासपोर्टवर काय छापून आलंय ते बघून ठेवा.

अनुभवाचा दाखला आपल्याकडे 'यांची वर्तणूक चांगली होती' या वाक्यावर संपतो. तो उपयोगाचा नाही. शाळेच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या इयत्ता, विषय इंग्रजी आणि आठवड्याला तासिका किती, असा दाखला हवा. मजकूर स्वतः टाइप करून न्या आणि ऑफिसातल्या भाऊसाहेबांकडून जावक क्रमांक टाकून घ्या. निवृत्तीनंतर मुख्याध्यापक बदलले, की हेच काम तिप्पट वेळ खातं.

शैक्षणिक कागदांवर आधी राज्य पातळीवर आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का बसतो. ओमान, बहारीन, जपान, कोरिया आणि २०२२ पासून सौदी अरेबिया या देशांना अपॉस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचाच एक आंतरराष्ट्रीय मान्यतेचा शिक्का, चालतं. आखातातल्या इतर काही देशांसाठी त्यावर वकिलातीचाही शिक्का लागतो. कुठला लागेल ते शाळेकडून लेखी घ्या. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून मागता येतो, पण तो फार आधी काढून ठेवू नका, जुना झालेला चालत नाही.

पायरी सहावी : एक नवं प्रमाणपत्र

'तीस वर्षं शिकवलंय, आता मी कोर्स करू?' असं वाटतं. करा. १२० तासांचं टेफल, म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याचं प्रमाणपत्र, हे बहुतेक ठिकाणी किमान मानलं जातं. खिशाला परवडत असेल तर केंब्रिजचं सेल्टा हे इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र करा. त्यात प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवून दाखवावं लागतं आणि पाठीमागे बसलेला परीक्षक आपल्या सवयी सोडवतो. मुलांना धडा वाचून अर्थ सांगण्याची आपली पद्धत तिथे चालत नाही. आयईएलटीएस किंवा टोइक या इंग्रजीच्या परीक्षांना वयाची कमाल अट नाही, मात्र गुण दोन वर्षांनी शिळे होतात, म्हणून ती परीक्षा शेवटी द्या.

उच्चारांकडेही बघा. 'व्हेरी' आणि 'वेअर' यांतला फरक, 'झिरो'तला झ, स आणि श यांची अदलाबदल. अहिराणी घरात वाढलेल्याला हे जरा जास्त जपावं लागतं. इंग्रज व्हायची गरज नाही, पण ऐकणाऱ्याला पहिल्या खेपेत कळलं पाहिजे.

पायरी सातवी : तब्येत

आखातासाठीची वैद्यकीय तपासणी, जिला जुने लोक अजून 'गॅमका' म्हणतात, ती आता 'वाफिद' या पोर्टलवरून आणि ठरवून दिलेल्या केंद्रातच होते. ओळखीच्या लॅबचा रिपोर्ट चालत नाही. साखर किंवा बीपी आहे म्हणून सहसा कोणी बाद होत नाही. खरा घात छातीच्या एक्स-रेमध्ये होतो. तरुणपणी होऊन बरा झालेला टीबीचा डाग दिसला तरी 'अनफिट' शेरा येऊ शकतो. म्हणून जळगावात किंवा धुळ्यात आधी खासगी एक्स-रे काढून छातीच्या डॉक्टरांना दाखवा. डाग असेल तर आखात सोडून दुसरा देश बघा, मुंबईची फी आणि चकरा तरी वाचतील.

विमा शाळा देणार म्हणते, पण त्यात आधीचे आजार धरलेत का आणि वयाची मर्यादा किती, हे करारात बघा. इथली आरोग्य पॉलिसी बंद करू नका. २०२४ पासून ६५ नंतरही नवी पॉलिसी घेता येते हे खरं, पण हप्ता आणि थांबण्याचा काळ दोन्ही नव्याने सुरू होतात.

पायरी आठवी : अर्ज आणि मुलाखत

वय लपवू नका. पासपोर्टची प्रत मागितली की ते दिसणारच, आणि तोवर तुमच्यावरचा विश्वास गेलेला असतो. पण बायोडाटा १९८९ पासून सुरू करायचंही कारण नाही. शेवटची दहा-बारा वर्षं सविस्तर, आधीची दोन ओळींत. आदर्श शिक्षक पुरस्कार, जनगणनेचं काम, निवडणूक ड्युटी हे सगळं काढून टाका. त्याऐवजी शिकवतानाची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत जोडा. चपळ हालचाल, खणखणीत आवाज आणि हसरी मुलं दिसली की जन्मतारखेकडे जाणारी नजर जरा उशिरा जाते.

मुलाखतीत सरळ विचारत नाहीत. 'शाळेला लिफ्ट नाही, चालेल ना?', 'तुमच्याहून वयाने लहान विभागप्रमुखाच्या हाताखाली काम कराल ना?', 'सात वर्षांच्या मुलांसोबत गाणी म्हणाल?' असे प्रश्न येतात. दुसऱ्या प्रश्नावर आपले सर हमखास अडकतात. 'अनुभवाला मान मिळाला पाहिजे' असं बोलून बसतात. तिथे एवढंच सांगा की तुमची पद्धत शिकून घेईन आणि मागितला तर सल्ला देईन.

पायरी नववी : एजंट

दहावी पास असलेल्याच्या, तसंच पन्नाशी ओलांडलेल्याच्या पासपोर्टला परदेशी नोकरीसाठीची सरकारी मंजुरी लागत नाही. त्यामुळे तुमच्या व्यवहाराकडे सरकारी नजर आपोआप जात नाही, आणि एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का हे तुम्हालाच बघावं लागतं. नोंदणीकृत एजंटाच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी अशी आहे. भुसावळच्या किंवा मालेगावच्या ऑफिसात कोणी दोन-तीन लाख मागत असेल तर उठून या.

'टुरिस्ट व्हिसावर या, तिथे बदलून देऊ' हे वाक्य ऐकलं की बोलणं तिथेच संपवा. थायलंडमार्गे म्यानमार, कंबोडिया, लाओसकडे नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबल्याचे प्रकार घडले आहेत आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. इंग्रजी येणारा माणूस त्या लोकांना हवाच असतो. शाळेचा पत्ता नकाशावर बघा, तिथल्या एखाद्या भारतीय शिक्षकाशी व्हिडिओ कॉलवर बोला, आणि करारावर परतीचं तिकीट कोण काढणार ते लिहून घ्या.

पायरी दहावी : पेन्शन आणि बँक

नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलनाच्या नियमांनुसार तुम्ही अनिवासी ठरता आणि साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करावं लागतं. पेन्शन त्यात जमा होऊ शकते, पण बँकेला आणि कोषागाराला आधी कळवा. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात नव्हे, महिनाभर आधी. भारतात मिळणाऱ्या पेन्शनवर भारतातला कर लागूच राहतो.

नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला जीवन प्रमाणच्या मोबाइल अ‍ॅपवरून चेहरा दाखवून देता येतो. ते इथे असतानाच एकदा करून बघा आणि आधारला जोडलेला नंबर परदेशातही चालू राहील अशी सोय करून ठेवा. ते जमलं नाही तर तिथल्या भारतीय वकिलातीतूनही दाखला मिळतो. वकिलात राजधानीत असते आणि तुमची शाळा कुठल्या गावात, ते बघून त्या महिन्यातली एक रजा आधीच मागून ठेवा.